भिंतीवरच्या तीन काचा

१० जून २०१२, लातूर

आलो बाई एकदाचे. सकाळी सातला नांदेडहून टेम्पो निघाला आणि लोहा, अहमदपूर करत बाराच्या सुमारास लातुरात. मागे गाद्या, गॅस, मृण्मयीच्या पुस्तकांची चार खोकी आणि पुढे माझ्या मांडीवर काचांची पेटी. मृण्मयी म्हणाली, आई, मला लहानपणी तरी इतकं जपून धरलं होतंस का? मी म्हटलं, तू पडलीस तर तू रडायचीस, ही पडली तर मी रडेन. टेम्पोवालासुद्धा हसला.

इथे येण्याचं कारण माझी ही लेक. अकरावीचं वर्ष तिने लातूरच्या होस्टेलात काढलं आणि आठ किलो वजन घालवलं. यंदा बारावी, त्यात मेडिकलला जुनी सीईटी राहणार की ती नवी नीट येणार, हे क्लासवाल्यांनाही धड सांगता येत नाही. मग मीच ठरवलं, वर्षभर नांदेडचं घर नवऱ्याच्या हवाली करायचं. आमचे हे, म्हणजे रेणुकादास, एकदाही नको म्हणाले नाहीत. बँकेतून आल्यावर स्वतःचा कुकर स्वतः लावायला शिकलेत बिचारे. या गल्लीत माझ्यासारख्या आया घरोघरी आहेत. क्लास एकाच वेळी सुटतो म्हणून कुकरच्या शिट्ट्याही एकाच वेळी होतात.

घर छान आहे. खाली घरमालकीण केवळाबाई एकट्या, वर आम्ही: दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे छोटी गच्ची. बाईंचं गाव औशाकडे, तिथे त्यांचा मुलगा भुजंग शेती बघतो. मी त्यांना मावशी म्हणायचं ठरवलं, त्या मला ताई म्हणतात. त्यांनीच घर हिंडून दाखवलं. मागच्या खोलीत, जी मृण्मयीला अभ्यासाला दिली आहे, खिडकीशेजारच्या भिंतीला छतापासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत एक तडा आहे. तड्यावर आडव्या तीन काचेच्या पट्ट्या, दोन बोटं रुंद, दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवलेल्या. हा प्रकार मला माहीत होता. भूकंपानंतर नांदेडलाही काही इमारतींत इंजिनिअरांनी अशा काचा लावल्या होत्या. तडा वाढला की काच तुटते, म्हणजे घर सोडा. नाही तुटली तर निवांत झोपा. या तिन्ही एकोणीस वर्षं शाबूत आहेत.

मधल्या पट्टीवर लाल रंगात तारीख आहे, २८-९-९३. भूकंप झाला तीस तारखेच्या पहाटे. त्या पहाटे नांदेडला आम्हीही अंगणात पळालो होतो, मला कोण तारीख शिकवणार! एवढं सोपं तेही चुकवलं, म्हणजे नक्कीच सरकारी माणूस असणार.

मावशी पदराने त्या काचा पुसत म्हणाल्या, बाकी घर तुमचंच हाय ताई, खिळे ठोका, रंग द्या, पर ह्या काचंला हात लावायचा न्हाई. मी हसून बरं म्हटलं.

१७ जून

नळाला आठवड्याने पाणी, रोज चार तास वीज गायब, तरी मी खूश आहे. हाताला काम मिळालं.

मागच्या खोलीची खिडकी पूर्वेची. सकाळी ऊन थेट मृण्मयीच्या डोळ्यांत येतं, आणि ऊन सरलं की समोर क्लासचा फ्लेक्स. त्यावर गेल्या वर्षीचे पन्नास गुणवंत, प्रत्येकाच्या फोटोखाली टक्के. ती म्हणते, आई, शंभर डोळे माझ्याकडे बघून राहिलेत. मी म्हटलं, थांब, तुझ्या खिडकीला रंगीत काचांची नक्षी करून बसवते. हैदराबादला बहिणीकडे राहून हे काम शिकले त्याला सहा वर्षं झाली. नांदेडातली दोन देवघरं आणि एका डॉक्टरांचा जिना एवढीच आपली कीर्ती. आमचे हे त्याला टिकल्या चिकटवणं म्हणतात.

नक्षी मात्र सुचेना. बाजारच्या पुस्तकांत सगळीकडे गुलाब आणि मोर. शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, नक्षी आपल्या घरातच असते, फक्त डोळे उघडे ठेवायचे. म्हणून आठवडाभर घर धुंडाळतेय. फरशीवरची वेल उतरवून पाहिली. कोबी आडवा चिरून त्याच्या रेघा कागदावर काढल्या. त्याची भाजी मग मृण्मयीने खाल्ली नाही, शाईचा वास येतो म्हणे. शालूचा काठ झाला, मावशींच्या दारातली ठिपक्यांची रांगोळी झाली. जीवशास्त्राच्या पुस्तकातला पानाचा छेद फार सुंदर होता, पण तिने हातच जोडले. दिवसभर तेच पाठ करायचं आणि खिडकीतही तेच बघायचं का, म्हणाली.

रांगोळी उतरवायला खाली गेले तेव्हा मावशींनी आत बोलावून चहा दिला. भिंतीवर एका मुलीचा फोटो आहे, दोन वेण्या, हातात कसलंसं बक्षीस. मावशींची मुलगी, वर्षाराणी. बारावीला होती, डॉक्टर व्हायचं होतं. भूकंपात गेली, गावाकडच्या घरात. माझं लक्ष आपलं फोटोच्या चौकटीकडे. तिला काचच नव्हती, कागद पिवळा पडत चाललाय. मी काचवाली, राहवेना, म्हटलं मावशी, मी बसवून देते. त्या नगं म्हणाल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या. जिभेला हाड नाही माझ्या.

८ जुलै

सापडली! आणि कुठे, तर नाकासमोर.

सकाळी साडेसातला खोलीत ऊन तिरपं आलं होतं. मी मृण्मयीला दूध द्यायला गेले आणि पेला हातात तसाच राहिला. तो तडा. वर केसासारखा बारीक, मध्ये फाटे फुटत फुटत खाली उतरलेला, आणि त्यावर चमकणाऱ्या तीन आडव्या पट्ट्या. अशी रेघ माणसाच्या हाताने काढता येत नाही. लगेच स्टुलावर चढून ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि वरपासून खालच्या टोकापर्यंत सगळा तडा उतरवून घेतला. फाट्यांच्या मधल्या जागांना मधाचा पिवळा, बाटलीचा हिरवा आणि जांभळा. मृण्मयीलाही आवडली. तिने एवढंच विचारलं की भेगेची खिडकी कुणी करतं का. मी म्हटलं, आपण करू.

अडचण एकच. मधल्या तीन पट्ट्या बिनरंगाच्या हव्यात, आणि माझ्याकडच्या साध्या काचा तिथे मेल्यासारख्या दिसतात. भिंतीवरच्या त्या जुन्या काचेत किंचित लाट आहे, एका पट्टीत तर साखरेच्या दाण्याएवढा बुडबुडा. तशी काच आता मिळत नाही.

१५ जुलै

लिहून टाकते म्हणजे मन मोकळं होईल. काढल्या.

मावशी सुनेच्या बाळंतपणाला गावी गेल्यात, गणपतीपर्यंत तरी येत नाहीत. सून पहिलटकरीण, खुरपणीचे दिवस, त्यांना सवड नाही. मी स्वतःला शंभर वेळा समजावलं: एकोणीस वर्षांत भिंत हलली नाही, त्या काचांचं काम संपलं. प्लास्टरवर ओलं फडकं पाच मिनिटं दाबून ठेवायचं, ओल मुरली की छिन्नी अलगद घालायची. तिन्ही अख्ख्या निघाल्या, एक टवका नाही. त्या जागी माझ्याकडच्या साध्या काचेच्या तीन पट्ट्या लावल्या, लाल रंगाने तीच चुकीची तारीखही घातली. मावशींना कधी कळायचं नाही.

मृण्मयीने एकदा माझ्याकडे पाहिलं. लहानपणी दुकानातून न सांगता चॉकलेट उचललं म्हणून मी तिला चोप दिला होता. तेव्हा मी तिच्याकडे कसं पाहिलं असेल, तसं पाहिलं.

५ ऑगस्ट

खिडकी बसली! तीन आठवडे कापणं, घासणं, कडांना तांब्याची पट्टी गुंडाळणं आणि सोल्डर वितळवून सांधणं. बोटांना सात ठिकाणी पट्ट्या आहेत. सकाळचं ऊन आलं आणि सगळी फरशी पिवळी-हिरवी-जांभळी झाली, मध्ये तीन पांढरे लखलखीत तुकडे. मृण्मयी त्या रंगांत पाय सोडून बसली आणि तिथेच टेबल ओढून घेतलं. आता फ्लेक्सवरचा एकही डोळा दिसत नाही.

भिंतीवरच्या माझ्या नव्या पट्ट्यांपैकी मधली तुटलीय. प्लास्टर वाळताना ओढलं असेल. उद्या बदलते.

१२ ऑगस्ट

बदलली, चार दिवसांत पुन्हा तुटली. मग वरची. आज खालचीही. बरोबर तड्याच्या रेषेवर. मी जाड काच लावून पाहिली, तीही गेली.

घरकाम करायला येणाऱ्या सरजाबाईंना विचारलं, रस्त्यावरून मोठे ट्रक जातात का. त्या म्हणाल्या, ह्या गल्लीत कुठला ट्रक ताई, रिक्षा घुसंना गेलीय.

१९ ऑगस्ट

चाचणीचा निकाल. जूनमध्ये मृण्मयी क्लासात दोनशे चौदावी होती. आज एकतिसावी! मी गल्लीतल्या सगळ्या आयांना पेढे वाटले. पेढे वाटताना मनात मात्र दुसरंच होतं.

सकाळी फरशी पुसताना लक्षात आलं. ऊन चढतं तसे रंग सरकतात, सरकायलाच हवेत. मी खडूने खुणा केल्या, सात वाजता आणि नऊ वाजता. पिवळा, हिरवा, जांभळा दोन फरश्या सरकले. मधले तीन पांढरे तुकडे जागचे हलले नाहीत. ते मृण्मयीच्या खुर्चीवर होते. ती उठून पलंगावर बसली. मी पुन्हा पाहिलं तेव्हा ते पलंगावर होते.

ढग आले, रंग विझले. ते तीन विझले नाहीत.

२ सप्टेंबर

मृण्मयीच्या केसांत पांढरी माती. मला वाटलं कोंडा. विंचरलं तर कंगव्यातून मुठीएवढी निघाली. वह्यांवर, उशीवर, डब्यातल्या पोळीवरही. आमच्यावर सिमेंटचा स्लॅब आहे, ही माती येते कुठून? वास घेतला आणि आठवलं. माझ्या आजोळी माळवदाचं घर होतं. लाकडावर अशीच पांढरी माती हातभर जाड घातलेली. पावसाळ्याआधी आम्ही पोरं ती तुडवायला वर चढायचो.

ट्रेसिंग पेपर भिंतीला लावून पाहिला. तडा कागदाच्या खाली एक वीत गेलाय.

मृण्मयी आता नववी आहे.

हे फोनवर विचारत होते, सगळं ठीक ना? ठीक म्हटलं. खरं सांगायचं तर मातीचं सांगितलं असतं तर ते लगेच येऊन आम्हाला घेऊन गेले असते, आणि ती नववी आहे. मला लाज वाटते, पण हेच खरं आहे.

९ सप्टेंबर

पहिली. सोळाशे मुलांत पहिली. क्लासच्या माणसांनी घरी येऊन हार घातला आणि तिचा मोठा फोटो चौकटीत घालून दिला, पुढच्या महिन्यात फ्लेक्सवरही झळकणार. मी तो समोरच्या खोलीत लावला. काच स्वस्तातली आहे, पण फोटो छान आलाय.

सगळे गेल्यावर मी तिला पोटाशी धरलं. ती म्हणाली, माय, मला लई झोप यायलीय.

माय. ही पोर नांदेडच्या इंग्रजी शाळेत वाढली. जन्मात मला आईशिवाय हाक मारली नाही.

१६ सप्टेंबर

तिच्या भौतिकशास्त्राच्या वहीत कुणीतरी गणितं सोडवून दिलीत. तिरपं, ठसठशीत अक्षर, दौतीची निळी शाई. आमच्या घरात शाईचा पेन नाही.

विचारलं. ती सहज म्हणाली, ताई शिकवते. कोणती ताई? हितं बसते ती. खिडकीकडे बोट केलं आणि पुन्हा वाचायला लागली.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. मग पोळ्या केल्या.

२० सप्टेंबर

काल गणपती बसले. गल्लीत ताशे. मृण्मयी खाली आली नाही. ताशा वाजला की कानांवर हात ठेवते. म्हणते, विसर्जनाला नगं जायला.

तडा आता जमिनीला टेकलाय.

२३ सप्टेंबर

ठरवलं, खिडकी काढायची. पक्कड घेऊन आत गेले. मृण्मयी त्या तीन तुकड्यांत बसलेली, एक गालावर, एक गळ्यावर, एक छातीवर. मान वर न करता म्हणाली, सत्तावीसला मोठी चाचणी हाय, तोवर ऱ्हाऊ दे.

मी पक्कड ठेवून दिली. चार दिवसांनी काय बिघडतं, म्हटलं.

मी आई आहे की क्लासवाली?

२७ सप्टेंबर

पुन्हा पहिली, निकाल संध्याकाळीच लावला. पेपर देऊन आली आणि पलंगावर पडली. उठवलं तर म्हणते, छातीवर ओझं हाय. जेवली नाही. खोकली तेव्हा रुमालावर पांढरी माती.

डॉक्टर म्हणाले, अभ्यासाचा ताण आहे.

यांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. परवा दुपारी येतो, सामान बांध म्हणाले.

२८ सप्टेंबर

बांधतेय. तड्यातून वारा येतो. भिंतीपलीकडे तर उघडी हवा आहे— पण वारा गार नाही. कोंडलेला आहे, घरातला.

२९ सप्टेंबर, सकाळी सात

प्लास्टरचा पोपडा पलंगावर पडला. तिच्या उशीशेजारी. तड्यात माझं बोट जातं.

मृण्मयी उठत नाही. डोळे उघडे. ओढलं, हलत नाही. बेचाळीस किलोची पोर आणि मला एक इंच हलवता येत नाही. सरजाबाई आणि मी, दोघींनी ओढलं. सरजाबाई पळून गेल्या.

मावशींना फोन केला. रडत सगळं सांगितलं, काचा काढल्या ते. मग म्हणाल्या, ती माझ्या वर्षाच्या फोटोची काच हाय ताई. साधी काच तिथं टिकतच न्हाई, आमच्या मालकांनी लई लावून पाहिल्या. तिच्या तोंडावरची काच लावली तवा भिंत थांबली. मी निघालेच म्हणाल्या. आणखी काही सांगत होत्या, फोन कटला. मग लागेचना. आज विसर्जन, सगळ्या लाइनी—

आठ वाजता

खिडकी उतरवली. त्या तीन पट्ट्या सोडवायच्या आणि परत लावायच्या. सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि एक तडकली. दुसरी. तिसरीचा माझ्या हातात भुगा झाला. बुडबुड्याचा तुकडा तेवढा शाबूत, नखाएवढा.

साडेआठ

मुलीच्या तोंडावरची काच.

समोरच्या खोलीत आहे एक.

नाही. जिवंत पोरीची.

पुन्हा पोपडा. तिच्या खांद्यावर. रक्त.

काच ती काच. मला काय अंधश्रद्धा शिकवता. भिंत थांबली म्हणजे झालं—

साडेनऊ

लावल्या. चौकटीतून काढली, तीन पट्ट्या कापल्या. प्लास्टर लावलं. मधल्या पट्टीवर तारीख घातली, रीत म्हणून. २९-९-१२.

थांबलं. वारा थांबला, माती थांबली. दहा मिनिटं बघत राहिले. एकाही काचेला तडा नाही.

मृण्मयी उठून बसली. चहा मागितला. म्हणाली, आई, माझा खांदा कशाने दुखतोय गं?

आई म्हणाली. मी तिथेच बसून हमसून रडले.

दुपारी तीन

हे आले आणि तिला घेऊन अडीचच्या बसने नांदेडला गेलेसुद्धा. मी थांबले. मावशींना तोंड दाखवल्याशिवाय जाणं बरं नाही.

निघताना एक झालं. सगळी सकाळ नीट बोलणारी पोर दाराशी थबकली. चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि त्या आवाजात म्हणाली, माय, मला नगं पाठवू. मी हितंच बसते. आज नगं. हे घाबरले. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. ही माझी मृण्मयी नाही, ती दुसरी बोलतेय, या घरातून लेक बाहेर काढली की सुटलो, असं मनाशी म्हणत गल्लीच्या तोंडाशी नेऊन रिक्षात बसवली.

तिने मागच्या काचेतून पाहिलं. शांत, निरोपाचं. मला हात करायचं सुचलं नाही.

संध्याकाळी सहा

मावशी आल्या. रस्ते बंद, औशापासून दोनदा गाडी बदलून. वर आल्या, भिंतीकडे पाहिलं आणि खाली बसल्या. विचारलं, कुणाची काच? मी सांगितलं. त्यांनी कपाळ बडवून घेतलं.

फोनवर तेच सांगत होते म्हणाल्या. दुसरी कुणाची लावू नका.

भूकंपाआधी वर्षभर बारीक धक्के बसतच होते. भिंत तेव्हाच तडकली. इंजिनिअरने काच लावायला सांगितलं. लावली की तुटायची. घरात काच उरली नाही म्हणून मालकांनी लेकीच्या बक्षिसाच्या फोटोची काढून कापली. ती टिकली. लई खूश झाले होते ते, मावशी म्हणाल्या. स्वतःच्या हाताने तारीख घातली.

अठ्ठावीस. तारीख चुकली नव्हती.

तेव्हा वर्षाराणी जिवंत होती. या खोलीत, या टेबलाशी बसून अभ्यास करत होती. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला तिला गावी पाठवली. जायला तयार नव्हती. दाराची चौकट धरून म्हणाली, माय, नगं पाठवू, मी हितंच बसते. मावशींनीच रागावून एसटीत बसवून दिली. पहाटे माळवद खाली आलं. इकडे या भिंतीवरच्या काचेला चरासुद्धा गेला नाही. भिंतीचं मरण लेकीनं घेतलं, मावशी म्हणाल्या.

लेक गेल्यावर काढून काय करायचं, म्हणून तशाच ठेवल्या म्हणाल्या.

ती माझ्या पोरीला न्यायला आली नव्हती. सांगायला आली होती. दोन महिने सांगत होती, मातीने, शब्दाने, आणि मी टक्के मोजत बसले. तिचं बोलणं मी बोटं सोडवून बंद केलं.

यांचा फोन बंद. मृण्मयीचा वाजतो, उचलत नाही. बस आत्ता लोह्याच्या आसपास असेल. पोचायला अजून तास.

सव्वासहा

मावशींना अंगणात पाठवलं. ऐकत नव्हत्या, ढकललं. पट्ट्या काढतेय, भिंत पडली तर माझ्यावर पडू दे. घर तुमचं आहे म्हटलं तर म्हणाल्या, जाऊ दे घर, काढा ताई, मला तवा कुणी सांगितलं न्हाई.

ओलं फडकं दाबलंय. पाच मिनिटं लागतात. घाई केली तर काच तुटेल, आणि तुटली तर तिचं काय होईल मला माहीत नाही. अख्खी निघाली पाहिजे. एका हाताने दाबून दुसऱ्याने लिहितेय, नाहीतर हात छिन्नीकडे जातो.

झाली पाच.

वरची निघाली. अख्खी. भिंतीतून आवाज आला, कुणी उसासा टाकावा तसा.

पुन्हा फडकं. पांढरी माती पडतेय, वहीवर, हातावर. लवकर मुर गं बाई.

मधली. तारखेची. निघाली. स्लॅबला चीर गेली, दिसतेय मला. मावशी खालून ओरडतायत.

फोन वाजतोय. पलंगावर. मृण्मयीचा नंबर. तीच असेल. तीच बोलेल ना, की तिच्या फोनवरून दुसरंच कुणी—

नाही. आधी तिसरी. एक टोक सुटलं. वाजू दे, बंद नको होऊ, उचलते बाळा, एवढी काढते आणि उच